न झाडलेली गोळी

दक्षिण आफ्रिकेतील इम्फोलोझीच्या अरण्यात १९५९ साली इयन प्लेअर आणि मागकूबू न्तोम्बेला यांनी पायी वनयात्रा सुरू केल्या. आज त्या देशात अशा यात्रांचा वाटाड्या होऊ पाहणाऱ्याला बंदुकीची कठोर परीक्षा द्यावी लागते. हत्ती, गेंडा, रानरेडा यांच्याशी पायी झालेल्या गाठीभेटींची नोंदही त्याला ठेवावी लागते. यांतली उत्तम भेट कोणती? वाऱ्याची दिशा ओळखून, प्राण्याला चाहूलही लागू न देता माणसे माघारी फिरली, ती. कष्टाने संपादन केलेली नेमबाजी वापरावी न लागणे, हेच येथे खरे प्रावीण्य होय.

पिलाच्या रक्षणासाठी हत्तीण चालून आली, तर तो तिचा अपराध म्हणता येणार नाही; तिच्या घरात आपण शिरलो, तेही केवळ पाहण्याच्या हौसेने. सोबत्यांचे प्राण वाचविण्यासाठी गोळी झाडणे त्या क्षणी कर्तव्य ठरेलही. परंतु तो क्षण बहुधा माणसाच्याच चुकीने ओढवतो आणि त्याचे मोल प्राणी चुकवितो. म्हणून वाटाड्याचा नैतिक निर्णय चाप ओढताना होत नाही. तो कितीतरी आधी, पुढचे पाऊल टाकावे की नाही, येथेच झालेला असतो.