सभासद आणि बाधित : राष्ट्रराज्यापलीकडील नागरिकत्वाचा प्रश्न

निर्णयाचे परिणाम ज्यांना भोगावे लागतात, त्यांना त्या निर्णयाविषयी बोलण्याचा अधिकार असावा, हे लोकशाहीचे मूलतत्त्व होय. राष्ट्रराज्याने या तत्त्वाला सीमेची चौकट दिली. मत देणारे आणि परिणाम भोगणारे हे एकाच भूप्रदेशातील एकच जनसमूह होत, असे त्याने गृहीत धरले. जागतिकीकरणाच्या काळात हे गृहीतक टिकत नाही, असे डेव्हिड हेल्ड यांनी 1995 साली ‘डेमॉक्रसी अँड द ग्लोबल ऑर्डर’ या ग्रंथात प्रतिपादिले आणि राष्ट्रापलीकडील लोकशाही संस्थांचा आग्रह धरला. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या ऊस पिकविणाऱ्या तालुक्यांत हा आग्रह तपासून पाहिला असता त्याचे बळ दिसते, तशीच त्याची उणीवही.

उसाचा रास्त व किफायतशीर दर केंद्र सरकार ठरविते. तो अपुरा वाटल्यास शेतकरी आंदोलन करतो, मतपेटीतून नाराजी नोंदवितो. परंतु 2019 मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांनी याच दरव्यवस्थेविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. 2014-15 ते 2018-19 या पाच हंगामांत भारताने उसाला दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या 10 टक्के मर्यादेपलीकडे गेला, असा निष्कर्ष पंचमंडळाने डिसेंबर 2021 मध्ये दिला. भारताने अपील केले. पण त्या संघटनेच्या अपीलमंडळाला डिसेंबर 2019 पासून गणसंख्याच उरलेली नाही. या साऱ्या वादात पक्षकार होती ती राज्ये. ज्याच्या उसाचा दर विवाद्य ठरला, तो शेतकरी तेथे केवळ बाधित होता. इथपर्यंत हेल्ड यांचे निदान अचूक ठरते.

मात्र त्याच फडात आणखी एक माणूस उभा आहे. या पट्ट्यात पाटस येथील भीमा, न्हावरे येथील घोडगंगा असे कारखाने सहकारी तत्त्वावर उभे राहिले. ‘एक सभासद, एक मत’ हा सहकाराचा दंडक. ऊस पिकविणारा सभासद झाला. ऊस तोडणारा झाला नाही. बीडसारख्या जिल्ह्यांतून मुकादमाची उचल घेऊन आलेली टोळी हंगामभर कोपीत राहते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. म्हणजे जेथे लोकशाही प्रत्येक माणूस स्वतंत्रपणे मोजते, तेथे श्रमाचा हिशेब दोन माणसांचे एक अवजार करतो. 20 नोव्हेंबर 2024 रोजी विधानसभेचे मतदान झाले, तेव्हा गाळपाचा हंगाम तोंडावर होता आणि तोडणी मजुराचे नाव होते दूरच्या गावच्या यादीत. ज्या गावी तो राबतो तेथे त्याला मत नाही; जेथे मत आहे तेथे पोचायचे तर मजुरी बुडते. राष्ट्राची सीमा न ओलांडताच तो नागरिकत्वाच्या पलीकडे गेलेला असतो.

येथे खरा नैतिक पेच उद्भवतो. जिनिव्हातील निर्णयाने आपण बाधित होतो, म्हणून तेथे आपला आवाज हवा, असे शेतकऱ्याने म्हणणे न्याय्य आहे. परंतु ज्या तत्त्वाच्या आधारे तो हे म्हणेल, तेच तत्त्व त्याच्या बांधावरचा मजूरही उच्चारू शकतो. अतिरिक्त साखरेने भाव पडले तर ग्वाटेमालातील तोडणी मजूरही ते उच्चारू शकतो. तत्त्व वरच्या दिशेने मागायचे आणि खालच्या दिशेने नाकारायचे, हा तत्त्वाचा स्वीकार नसून त्याचा सोयीस्कर वापर होय.

यावर असा आक्षेप संभवतो की, प्रत्येक जण प्रत्येक गोष्टीने कमीअधिक बाधित होतोच. मग जनसमूहाला सीमाच राहणार नाही. आक्षेप सार्थ आहे. तथापि त्यातून निष्पन्न होते ते इतकेच, की सर्वांना सर्वत्र मत देता येणार नाही. उत्तर मागण्याचा अधिकार मात्र मताहून व्यापक असू शकतो. निर्णय घेणाऱ्याने बाधितांसमोर कारणे मांडावीत आणि त्यांचे म्हणणे नोंदवून घ्यावे, ही अपेक्षा जिनिव्हाच्या पंचमंडळाला जशी लागू पडते, तशीच कारखान्याच्या वार्षिक सभेला आणि ग्रामसभेलाही.

राष्ट्रापलीकडील नागरिकत्वाची चर्चा सहसा उंचावरून, जागतिक संस्थांपासून सुरू होते. शिरूर-दौंडचा फड सांगतो की, तिचा आरंभ कोपीपासूनही व्हावयास हवा. जी लोकशाही आपल्या बांधावरच्या परक्याला उत्तर देऊ शकत नाही, तिला जगाकडे उत्तर मागण्याचा अधिकार असला, तरी त्या मागणीचे नैतिक वजन उणेच राहील.