पंधरा मिनिटं

जिथे आहात तिथेच बसा. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. डोळे मिटायलाच हवेत असं नाही. पंधरा मिनिटं काही सोडायचं नाही, कोणाला वचन द्यायचं नाही. फक्त बसायचं.

श्वास येतो आहे. जातो आहे. येऊ द्या, जाऊ द्या.

आता परतवाड्यातली संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. उत्तरेकडचे गाविलगडाचे डोंगर आधी निळे दिसतात, मग काळे होतात. स्टँडवर गाड्यांची घाई असते. हीच ती वेळ. पावलांना एक रस्ता पाठ झालेला असतो आणि मनानं नाही म्हणायच्या आत ती तिकडे वळतात. आज ते वळणं नुसतं पाहा. त्याला शिव्या घालू नका, त्याची वकिलीही करू नका.

थोडं थांबा.

दारू सोडण्याच्या आजवर घेतलेल्या शपथा आठवा. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली. देवळाच्या पायरीवर घेतलेली. श्रावणभर पाळलेली आणि पोळ्याच्या करीला मोडलेली. त्यातली एकही खोटी नव्हती. घेताना प्रत्येक वेळी मन खरंच भरून आलं होतं. मग स्वतःला हळूच विचारा: त्या प्रत्येक शपथेच्या वेळी माझ्यासोबत कोण होतं? ज्याला ही ओढ आतून ठाऊक आहे, असं कोणी होतं का?

उत्तराची घाई नको.

मे 1935. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावातलं एक हॉटेल. बिल नावाचा शेअर दलाल तिथे एकटा उभा होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते आणि ज्या कामासाठी आला होता ते फसलं होतं. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्यानं फोन उचलला. उपदेश ऐकायला नाही. आपल्यासारखाच पिण्यानं गांजलेला कोणी भेटावा, त्याच्याशी बोलावं, म्हणजे आपण वाचू, हे त्याला उमगलं होतं. शोधता शोधता गाठ पडली बॉब नावाच्या सर्जनशी. पंधरा मिनिटांवर थांबणार नाही, असं ठरवून बॉब आला होता. दोघं सहा तास बोलत बसले. 10 जून 1935 हा बॉबच्या शेवटच्या प्याल्याचा दिवस. तोच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे एकमेकांच्या सोबतीनं दारू सोडणाऱ्यांच्या गटांचा, जन्मदिवस मानतात.

यातलं एकच धरून बसा. त्या दिवशी गरज कोणाला होती? ऐकणाऱ्याला, तशीच बोलणाऱ्यालाही.

आता अशाच एका गटाची मीटिंग भरते त्या खोलीचं चित्र मनात आणा. साध्या खुर्च्या, चहाचे कप, भिंतीवर दारूतून बाहेर पडण्याच्या बारा पायऱ्या लिहिलेल्या. एक जण उठतो, फक्त पहिलं नाव सांगतो आणि म्हणतो, मी अल्कोहोलिक आहे. कोणी चपापत नाही. फी नाही, आडनाव नाही, जात नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट. तुम्ही दाराशी आहात. छातीत धडधडतं आहे: ‘गाव लहान आहे, कोणी ओळखलं तर?’ त्या भीतीला शेजारी बसवा. आत जो बसला आहे तोही याच भीतीतून आला आहे, आणि तुम्हाला पाहून त्याला त्याचा पहिला दिवस आठवतो. आजची त्याची सोबर संध्याकाळ तुमच्या येण्यानं बळकट होते. तुम्ही त्या खोलीवर ओझं नाही. खोलीला तुम्ही हवे आहात.

श्वास येतो आहे. जातो आहे.

आपल्याच मातीकडे वळा. परतवाड्याहून अंजनगाव सुर्जीच्या वाटेला शेंडगाव आहे. 1876 साली तिथे डेबूजी जन्मला. वडील झिंगराजी दारूपायी गेले आणि आई पोराला घेऊन माहेरी, दापुऱ्याला गेली. तोच डेबूजी मोठा झाल्यावर लेकीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून गोड जेवण वाढतो आणि पुढे गाडगेबाबा होतो. कीर्तनात बाबा लोकांना प्रश्न विचारत आणि लोक उत्तर देत. एकट्यानं कबूल करायला जड जाणारं चारचौघांत तोंडातून निघून जाई.

घरात कोणी पिणारं असेल आणि तुम्ही त्याची आई, बायको किंवा लेक असाल, तर हा श्वास तुमचाही आहे. अल-अ‍ॅनॉन हे गट तुमच्यासाठीच असतात.

एक गोष्ट जपा. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी बंद केलं तर हात कापतात, झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग मीटिंग. हवं तर दोन्ही सोबत.

हळूहळू परत या. बोटं हलवा. बाहेरचे आवाज ऐका. गट शोधण्यासाठी आज एकच करायचं आहे. 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल-फ्री क्रमांक लावा आणि विचारा, ‘माझ्या जवळ मीटिंग कुठं भरते?’ ती गावात नसेल तर अमरावती पन्नासेक किलोमीटरवर आहे, आणि पावलांना आजवर कुठलंही अंतर लांब वाटलेलं नाही.

मीटिंगला पोचलात की मनाला सांगा, पंधरा मिनिटंच बसतो.

बॉबही एवढंच ठरवून आला होता.