पायउतार

फ्रान्सच्या आग्नेय भागात, ग्रनोब्ल शहराजवळ, वेर्कोर नावाचे एक विस्तीर्ण पठार आहे. सभोवार चुनखडीचे उभे कडे, माथ्यावर बीच, फर आणि पाइन वृक्षांची दाट अरण्ये, मधूनमधून गुरांची कुरणे आणि विखुरलेली लहान खेडी, असे त्याचे रूप आहे. 1970 साली हा प्रदेश निसर्ग उद्यान म्हणून घोषित झाला. उन्हाळा आला की जाड टायरांच्या डोंगरी सायकली घेऊन तरुण-तरुणी येथे येतात आणि रानवाटांनी, चढउतारांवरून, खडकांवरून आणि झाडांच्या मुळांवरून दिवसच्या दिवस भटकतात.

काही वर्षांपूर्वी एका फ्रेंच धर्मग्रामात उन्हाळ्यातील सेवेसाठी गेलो असता मी या पठारावर गेलो होतो. अर्थात सायकलीवरून नव्हे, पायी. विलार-द-लांस या गावाहून निघणारा एक रस्ता अरण्यातून वाल्शेव्रिएर नावाच्या वाडीकडे जातो. त्या रस्त्याच्या कडेने क्रुसाच्या वाटेची स्थाने उभारलेली आहेत. वाडी मात्र आता नाही. घरांच्या पडक्या भिंती आहेत आणि एक लहानसे कपेल तेवढे शाबूत आहे. मी त्या कपेलसमोर उभा राहून प्रार्थनेला आरंभ करणार, एवढ्यात वरच्या वळणावरून आरडाओरडा ऐकू आला. आठ-दहा सायकलस्वार धूळ उडवीत खाली आले. कोणी कपेलच्या भिंतीला सायकली टेकविल्या, कोणी पडक्या घराच्या जोत्यावर बसून पावाचे डबे उघडले. थट्टामस्करी चालली होती. त्यांच्यातील एक मुलगी मात्र हेल्मेट काढून माहिती-फलकावरील मजकूर वाचीत उभी राहिली. थोड्या वेळाने सारे निघून गेले. मी संतापलो होतो. तो संताप ओसरेपर्यंत परतीची वेळ झाली आणि माझी प्रार्थना राहून गेली.

त्या वाडीत काय घडले होते, हे सांगितल्यावाचून माझ्या संतापाचे कारण कळावयाचे नाही. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सवर जर्मनांचा अंमल असताना या दुर्गम पठारावर प्रतिकार चळवळीतील हजारो तरुण जमले होते. 3 जुलै 1944 रोजी त्यांनी तेथे स्वतंत्र फ्रेंच प्रजासत्ताकाची द्वाही फिरविली. 21 जुलैला जर्मन सैन्याने चहूकडून चाल केली. वास्यो या गावावर तर सैनिक इंजिनाविना उडणाऱ्या ग्लायडरांतून उतरविले. वाल्शेव्रिएर येथे लेफ्टनंट शाबाल आणि त्यांच्या मूठभर साथीदारांनी वाट अडवून धरली आणि 23 जुलैला तेथेच देह ठेवले. वाडी जाळण्यात आली. 25 जुलैला ला शापेल गावातील सोळा तरुणांना एका अंगणात गोळ्या घातल्या गेल्या. वास्योतील सत्तरांहून अधिक ग्रामस्थ मारले गेले. युद्धानंतर त्या गावाला राष्ट्राने विशेष सन्मान दिला आणि गावाशेजारी हुतात्म्यांची दफनभूमी केली. आजचे सायकलस्वार ज्या वाटांनी जातात, त्यांतील कित्येक वाटा याच स्थळांवरून जातात.

म्हणूनच प्रश्न उभा राहतो. जेथे माणसांनी रक्त सांडले, तेथे आपल्याला खेळण्याचा अधिकार आहे काय?

भाविक मन चटकन उत्तर देईल की नाही. असे स्थळ पवित्र होय, तेथे कुंपण घालावे. परंतु हे उत्तर क्षणभर तपासून पाहू या. रक्त सांडलेली प्रत्येक भूमी जर आपण बंद करू लागलो, तर या जगात मुलांनी खेळावयाचे कोठे? शिवाय जे तेथे पडले, ते कशासाठी पडले? त्यांतील बहुतेक ऐन तारुण्यात होते. आपल्या देशातील पोरांनी कोणाचा परवाना न मागता, कोणाला न भिता आपल्या रानातून हिंडावे, हेही त्यांच्या स्वातंत्र्याच्या कल्पनेत नव्हते काय? त्या अरण्यातून उतरणाऱ्या सायकलींचा आणि हसण्याचा आवाज त्यांना अपमान वाटला असता, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात खेळाविषयी विचार केला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. श्रमलेल्या देहाला जशी विश्रांती हवी, तशी श्रमलेल्या मनाला क्रीडेची आवश्यकता असते, असे ते मानतात. खेळाचा अतिरेक हा दोष आहे, हे तर ते सांगतातच. पण जो स्वतः कधी हसत-खेळत नाही आणि इतरांच्या आनंदावर विरजण घालतो, त्याच्याही ठायी ते दोष पाहतात. सेमिनरीत असताना हा भाग मी परीक्षेपुरता वाचला होता. वाल्शेव्रिएरहून परतल्यावर तो पुन्हा वाचला, तेव्हा तो माझ्याविषयीच लिहिला आहे की काय, असे वाटले.

तर मग दुसरे उत्तर खरे मानावे काय? पृथ्वी जिवंतांची आहे, गेले ते गेले, आता रानवाट ही केवळ रानवाट आहे, असे म्हणावे काय? हे उत्तर मला अधिक घातक वाटते. डोंगरी सायकल वेगाने उतारावरून जाते, तेव्हा स्वाराची दृष्टी पुढच्या दहा-पंधरा हातांवर खिळलेली असते. हा दगड, हे मूळ, हे वळण, येथे ब्रेक. तशी ती नसेल तर तो पडेल. हा त्याचा अपराध नव्हे. तो वेगाचा धर्मच आहे. परंतु त्या वेगात कपेल हे केवळ वळणाची खूण ठरते, क्रूस हा अंतर मोजण्याचा खांब ठरतो आणि जळालेल्या घराचे जोते म्हणजे पाणी पिण्याची सोयीची जागा होते. साऱ्या सृष्टीला एकच अर्थ उरतो, आणि तो म्हणजे माझी वाट. दोष खेळात नाही. समोर जे आहे त्याला आपल्या उपयोगाहून वेगळे अस्तित्व आहे, त्याचे आपल्याशी काही बोलणे असू शकते, याचा विसर पडणे हा दोष आहे. असा विसर सायकलीवरच पडतो असे नाही. तो कचेरीत पडतो, स्वयंपाकघरात पडतो आणि, सांगावयास संकोच वाटतो, वेदीवरही पडतो.

या दोन उत्तरांमधून वाट कशी काढावी, हे मला एखाद्या ग्रंथाने नव्हे, मेंढपाळांच्या एका नियमाने शिकविले. वेर्कोरच्या उंच भागात उन्हाळ्यात मेंढ्यांचे मोठे कळप चरावयास येतात. अलीकडच्या काही दशकांत त्या प्रदेशात लांडगे परतले आहेत. म्हणून कळपांबरोबर मोठे पांढरे राखणदार कुत्रे असतात. सायकलस्वारांना तेथे सूचना दिलेली असते की कळप दिसताच सायकलीवरून उतरावे, ती हाताने ढकलीत चालावे आणि कळपाला वळसा घालून जावे. वेगाने येणारी आकृती कुत्र्याला हल्ला वाटते. पायी चालणारा माणूस त्याला माणूस म्हणून ओळखता येतो. पठाराच्या त्याच भागात 1985 साली सुमारे सतरा हजार हेक्टरांचे राखीव निसर्गक्षेत्र करण्यात आले. तेथेही सायकलींना ठराविक वाटांवरच मुभा आहे. रान बंद केलेले नाही आणि मोकाटही सोडलेले नाही. कोठे उतरावे, एवढे सांगितले आहे.

मेंढ्यांसाठी माणूस पायउतार होऊ शकतो, तर मृतांसाठी का होऊ नये? जळत्या झुडपापाशी मोशेला परमेश्वराने पर्वत सोडून जाण्यास सांगितले नाही. पायांतील पायतण काढावयास सांगितले. पवित्र भूमीचा नियम बहुधा एवढाच असावा. यावे, पण ज्या वेगाने आलो, त्याच वेगाने पुढे निघून जाऊ नये.

याच पठारावरील एका धर्मगुरूची आठवण येथे करावीशी वाटते. फादर ईव्ह द मोंशेय हे येशूसंघीय, पॅरिसच्या कॅथोलिक विद्यापीठात ईशज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी शस्त्र हाती घेतले नव्हते. रानात लपलेल्या तरुणांना आध्यात्मिक आधार मिळावा म्हणून ते 1944 च्या जुलैमध्ये वेर्कोरला आले होते. हल्ला झाल्यावर जखमींना ल्वीर नावाच्या गुहेत हलविण्यात आले, तेव्हा ते जखमींसोबत राहिले. 27 जुलैला सैनिकांनी गुहा शोधून काढली. कित्येक जखमींना ठार मारण्यात आले, परिचारिकांना राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत धाडण्यात आले, आणि फादर मोंशेय यांना दोन डॉक्टरांसह ग्रनोब्ल येथे 10 ऑगस्टच्या रात्री गोळ्या घातल्या गेल्या. अध्यापनाच्या उच्च आसनावरून हा विद्वान पायउतार झाला आणि ज्यांना उठून चालता येत नव्हते अशांच्या शेजारी बसला. मृतांचा आदर म्हणजे काय, हे आम्हांला त्यांच्यापासून शिकावे लागेल. त्यांनी जागेचे नव्हे, माणसांचे पावित्र्य राखले.

हे सारे मी परदेशातील म्हणून लिहिले असते, तर लेख येथेच संपला असता. पण आमच्या वसईच्या किल्ल्यातही छप्पर हरपलेली चर्चे उभी आहेत. फ्रान्सिस्कन मंडळींच्या चर्चच्या जमिनीत शेकडो वर्षांपूर्वीच्या समाधिशिला आहेत. त्यांवरील अक्षरे आता पुसट झाली आहेत. परतल्यावर एके संध्याकाळी मला तेथे आमच्या धर्मग्रामातील चार-पाच मुले सायकली फिरविताना दिसली. एकाचे चाक तर थेट समाधिशिलेवरून गेले. मनात वाल्शेव्रिएरचा राग अजून होताच. मी त्यांना खडसावले. पूर्वजांची हाडे येथे आहेत, तुम्हांला काही वाटते की नाही, असे बरेच काही बोललो. मुले खाली मान घालून ऐकत होती. त्यांतील सर्वांत लहान मुलगा शेवटी म्हणाला, “चुकलो, फादर. पण आम्हांला ठाऊक नव्हते येथे कोणाला पुरले आहे. तुम्ही यांच्यासाठी प्रार्थना करायला येता का?”

मुलाच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. म्हणूनच उत्तर देणे कठीण गेले. त्या किल्ल्यात मी पाहुण्यांना घेऊन कितीदा तरी गेलो होतो, सनावळ्या सांगितल्या होत्या, छायाचित्रे काढून घेतली होती. त्या शिलांपाशी थांबून एकही प्रार्थना केल्याचे मला आठवेना. मुले अजाणता त्यांच्यावरून गेली होती. मी जाणूनबुजून त्यांच्या बाजूने निघून जात होतो. दोहोंत अधिक वेगात कोण होते?

मी त्या मुलाला खरे ते सांगितले. मग आम्ही सायकली भिंतीशी लावल्या आणि एका शिलेभोवती उभे राहिलो. नाव वाचता येत नव्हते. म्हणून नावाविनाच प्रार्थना केली. मोठ्या मुलाने बोटाने अक्षरांतील माती काढण्याचा प्रयत्न केला. पाच-सात मिनिटे झाली असतील. नंतर मुलांनी माझ्याकडे पाहिले. जाण्याची परवानगी हवी आहे, हे मी ओळखले.

“जा,” मी म्हणालो, “पण दरवाजापर्यंत चालत.”

ती चालत गेली. दरवाजाबाहेर पडताच सायकलींवर बसली आणि जेटीच्या रस्त्याने ओरडत, हसत सुसाट निघाली. त्या आवाजाचा मला राग आला नाही. मी थोडा वेळ तेथेच थांबलो, कारण माझ्याकडे मागील पुष्कळ प्रार्थना थकल्या होत्या.