तळपायाची जबानी

वैशाखातले ऊन वर्ध्याच्या काळ्या मातीला भेगा पाडू लागले, की आमच्या घरातल्या फडताळातून काशाची वाटी बाहेर निघत असे. आणि डोळ्यांची जळजळ होते अशी फिर्याद घेऊन जो कोणी आजीपुढे उभा राहील, त्याच्या डोळ्यांकडे ढुंकूनही न पाहता ती 'पाय पुढे कर' एवढेच म्हणे. तळव्याला बोटभर तूप लावून तिने वाटी गोल फिरवायला सुरुवात केली, की घटकाभरात ते तूप काजळासारखे काळे पडे आणि तो काळिमा फडक्याला पुसत 'बघ, किती उष्णता उतरली' असा निवाडा ती देई. तो काळेपणा शरीरातून उतरलेल्या उष्णतेचा नसून झिजलेल्या धातूचा होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले; परंतु त्या रात्री झोप गाढ लागत असे, याबद्दल मला तेव्हाही संशय नव्हता आणि आजही नाही.

डोळ्यांच्या दुखण्यावर पायाला तूप, हा आजीचा तर्क तिच्या एकटीचा नव्हता. चरकाने पादाभ्यंगाचे गुण सांगताना पायांचा खरखरीतपणा, जडत्व, श्रम आणि बधिरपणा यांच्याबरोबर दृष्टीच्या प्रसन्नतेचाही उल्लेख केला आहे, आणि वाग्भटाने तर तळपायाच्या मध्यभागातून दोन मोठ्या शिरा नेत्रांकडे जातात असे स्पष्ट विधान करून पायांची निगा हीच डोळ्यांची निगा मानली आहे. तळपायाची आग मस्तकात नेणारी आमची भाषा बहुधा ह्याच शिरांच्या वाटेने गेली असावी!

आज ज्याला 'रिफ्लेक्सॉलॉजी' म्हणतात त्या पद्धतीचा जन्म मात्र अमेरिकेतला, आणि तोही पायापासून झालेला नाही. कनेक्टिकट प्रांतातील हार्टफर्ड येथील विल्यम फिट्झजेराल्ड हे कान-नाक-घशाचे वैद्य; बोटांना रबराची बंधने आवळून, कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावून किंवा धातूच्या फणीवर हात दाबून धरून शरीराच्या दूरच्या भागाला बधिरता आणता येते, असा त्यांचा दावा होता, आणि 1917 साली एडविन बॉवर्स यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी मस्तकापासून पायाच्या बोटांपर्यंत देहाचे दहा उभे पट्टे पाडले. पुढे युनिस इंगहॅम नावाच्या बाईंनी, हातापेक्षा पाय अधिक संवेदनशील असे ठरवून, संपूर्ण देह तळव्यावर उतरवला. आमच्याकडे पटवाऱ्याने मौज्याचा खसरा मांडावा तसा अंगठ्यावर मेंदू, चवड्यावर फुप्फुसे, मधल्या कमानीत जठर आणि टाचेवर कटिप्रदेश अशा हद्दी कायम झाल्या, आणि 1938 साली त्यांनी आपल्या पुस्तकाला 'स्टोरीज द फीट कॅन टेल' हे नाव दिले. पायाला बोलते करायचे, त्याची जबानी घ्यायची आणि तिच्यावरून आतल्या अवयवाचा अपराध शाबीत करायचा, असा हा एकंदर मामला आहे. इजिप्तमधील सक्कारा येथे अंखमाहोरच्या थडग्यातील चित्रात हातापायांवर काही उपचार चाललेला दिसतो. ह्या विद्येचे अनुयायी ते चित्र आपल्या प्राचीनत्वाचा दाखला म्हणून पुढे करतात. पण ते नखे कापण्याचे चित्र नव्हे कशावरून, हे त्यांना सांगता येत नाही.

ह्या नकाशाबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. एडझार्ड अर्न्स्ट यांनी 2009 साली अठरा चाचण्या तपासून, कोणत्याही विकारावर ही पद्धत गुणकारी ठरल्याचा खात्रीलायक पुरावा मिळत नाही असा निष्कर्ष काढला. आणि तळव्याच्या अमुक गटातून यकृताकडे जाणारी वाट शरीरशास्त्राला अद्याप सापडलेली नाही. असे असूनही गावोगावच्या प्रदर्शनांत तोच रंगीत तक्ता आणि तीच काटेरी लाकडी लाटणी हातोहात खपतात, ह्याचे कारण केवळ लोकांचे अज्ञान होय असे म्हणणे मला उद्धटपणाचे वाटते. पाय चेपून घेणाऱ्याला खरोखरच बरे वाटते. प्रश्न एवढाच, की ते श्रेय नकाशाचे की हाताचे?

ह्या प्रश्नाची उकल मला सापडली ती सेवाग्रामात. 1936 साली गांधीजी येऊन राहिले तेव्हा शेगाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या गावी, इंगहॅमबाईंच्या पुस्तकानंतर वर्षभराने, 1939 साली परचुरेशास्त्री आले: संस्कृतचे व्युत्पन्न पंडित, गांधीजींचे येरवड्याच्या तुरुंगातले सहबंदी, आणि महारोगाने जर्जर झालेले. आश्रमातील इतरांच्या प्रकृतीची जबाबदारी डोक्यावर असल्यामुळे गांधीजींच्या मनात प्रथम चलबिचल झाली, हे त्यांनी लपवले नाही. पण निर्णय झाल्यावर त्यांनी आपल्याच निवासाजवळ शास्त्रीबुवांना कुटी बांधून दिली आणि त्यांच्या जखमा धुण्याचे व अंगाला मालिश करण्याचे काम स्वतः पत्करले. परचुरे कुटी आजही तिथे आहे. निसर्गोपचाराच्या वेडापायी गांधीजींनी मातीच्या पट्ट्यांपासून कटिस्नानापर्यंत नाना प्रयोग केले आणि त्यांतले काही आज टिकणार नाहीत. पण बधिर झालेल्या कातडीवर ज्याने रोज हात फिरवला, त्याला तिच्याकडून कोणतीही जबानी अपेक्षित नव्हती.

कारण महारोग्याचा पाय मुका असतो. फिट्झजेराल्ड जी बधिरता प्रयत्नाने आणू पाहत होते, ती इथे रोगच आणून देतो. घोट्याच्या आतल्या हाडामागून तळव्याकडे जाणारी नस जंतूंनी निकामी केली, की स्पर्श जातो, वेदना जाते आणि घामही जातो. कोरडी कातडी तडकते, भेगेत माती शिरते, आणि माणूस त्याच पायाने शेत तुडवीत राहतो. मनोहरजी दिवाणांनी विनोबांच्या प्रेरणेने 1936 साली दत्तपूरला जे कुष्ठधाम उभारले, तिथपासून 1951 साली स्थापन झालेल्या आणि वर्ध्यातच मुख्यालय असलेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण प्रतिष्ठानापर्यंत ह्या जिल्ह्याने महारोगाच्या कामाला जेवढे आयुष्य दिले, तेवढे क्वचितच कोणत्या जिल्ह्याने दिले असेल. अशा पायाची निगा कशी राखावी ह्याची रीत अगदी साधी आहे: पाय सुमारे वीस मिनिटे पाण्यात बुडवून ठेवावे, जाड कातडी दगडाने हलके घासावी, आणि पायांवरचे पाणी पुरते सुकण्यापूर्वीच तेल लावावे, म्हणजे ओलावा आत टिकतो. चरकाने खरखरीतपणावर आणि बधिरपणावर सांगितलेले तेल ते हेच. मात्र स्पर्श ते परत आणीत नाही, फक्त भेगा पडू देत नाही.

कपाशी वेचण्याच्या दिवसांत एका आवारात मी हे पाहत बसलो होतो. घमेल्यात पाय सोडलेला म्हातारा सालदार, समोर उकिडवा बसलेला तरुण कार्यकर्ता. पाय मांडीवर घेऊन त्याने टाचेवरचा चिखल पुसला, तेव्हा आत मोडलेला बोरीचा काटा दिसला, चांगला बोटाच्या पेराएवढा. "कधी रुतला, बाबा?" म्हाताऱ्याने वाकून, दुसऱ्याच कोणाचा पाय पाहावा तसे पाहिले. "मले काय मालूम," तो म्हणाला, "तूच पाहून सांग." कार्यकर्त्याने काटा काढून जखम धुतली, वर पट्टी बांधली, आणि पाय खाली न ठेवता उरलेल्या तळव्याला तेल लावायला घेतले.