किनाऱ्यावर उरलेल्या फळ्या

२००७ साली न्यूझीलंडच्या राष्ट्रीय नेटबॉल लीगमध्ये आठ संघ होते, आणि ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्येही आठच. २००८च्या एप्रिलमध्ये दोन्ही देशांची मिळून एकच मोठी लीग सुरू झाली, तिचं नाव एएनझेड चॅम्पियनशिप. तिच्यात संघ होते दहा. सोळाचे दहा झाले. मधल्या काळात पाच जोड्यांचं 'विलीनीकरण' झालं आणि ऑस्ट्रेलियातला एक संघ सरळ वगळला गेला. वगळलेल्या संघाबद्दल निदान सगळ्यांना कळलं की तो गेला. बाकीच्या पाच ठिकाणी कुणी गेलं असं म्हणायची सोयच राहिली नाही, कारण तिथे सगळे 'एकत्र आले' होते.

मला प्रश्न पडतो तो या एकत्र येण्याचा. दोन संघांचा एक झाला की आधीच्या दोघांचं नेमकं काय होतं? आणि नव्या संघाने आपल्या पहिल्या सामन्याला उभं राहून 'आता आमच्यासाठी ओरडा' असं म्हटलं, तर जुन्या संघाच्या माणसाने ते ऐकायलाच हवं का?

आपल्याकडे नेटबॉल फारसा कुणी पाहत नाही, म्हणून दोन ओळी. हा बास्केटबॉलमधूनच निघालेला खेळ. एका बाजूला सात जणी. चेंडू हातात घेऊन पळता येत नाही, तो जमिनीवर आपटत नेता येत नाही, आणि तीन सेकंदांच्या आत दुसरीकडे द्यावाच लागतो. प्रत्येकीला कोर्टचा ठरावीक भागच मोकळा, बाहेर पाऊल पडलं की चूक. गोल करायची परवानगी फक्त दोघींना. कुणाची जागा कोणती हे कळावं म्हणून प्रत्येकीच्या छातीवर आणि पाठीवर एक अक्षरपट्टी असते, तिला बिब म्हणतात. जीएस, जीए, डब्ल्यूए, सी अशी सात. बिबवर जागेचं नाव असतं, आज ते हिच्या अंगावर तर उद्या तिच्या. न्यूझीलंडमध्ये हा मुलींचा सगळ्यात मोठा खेळ आहे. शाळेत असताना तो खेळला नाही अशी बाई तिथे सहज सापडायची नाही.

आता दक्षिणेकडे जाऊ. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या अगदी खालच्या टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचं शहर आहे. वस्ती जेमतेम पन्नास हजारांच्या आसपास, भोवती मेंढ्यांची कुरणं, आणि समुद्रावरून येणारा असा वारा की खाली थेट अंटार्क्टिका असल्याची आठवण राहावी. या शहराचा संघ होता सदर्न स्टिंग. दहा हंगामांत सात वेळा राष्ट्रीय विजेता : १९९९ ते २००४ सलग सहा वेळा आणि मग २००७ला, म्हणजे लीगच्या अगदी शेवटच्या वर्षी. मोठी शहरं, मोठे पैसे सगळे उत्तरेला. पण चषक मात्र या टोकाच्या गावात. सुमारे दोनशे किलोमीटरवर डनीडिन, विद्यापीठाचं शहर. तिथला संघ ओटॅगो रेबेल्स. त्यांनी एकदाच चषक जिंकला, १९९८ला, लीगच्या पहिल्याच वर्षी. नंतर शेजारणीने तो जो नेला तो नेलाच.

शेजारच्या संघावर जो राग असतो तो लांबच्यावर कधीच नसतो, हे वेगळं सांगायला नको. आणि २००८ला याच दोघांना एकत्र करून सदर्न स्टील तयार झालं. डंख आणि बंडखोर मिळून पोलाद! नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हे होतं की नाही कोण जाणे, पण पोलाद हा मुळात मिश्रधातूच. त्यात लोखंड किती आणि कार्बन किती हे मात्र विचारू नये. कार्बन साधारणपणे दोन टक्क्यांहून कमीच असतो.

नव्या संघाच्या प्रशिक्षक झाल्या रॉबिन ब्रॉटन. स्टिंगचे सातही चषक त्यांच्याच हाताखाली आलेले. यात अन्याय काही नव्हता, त्या सगळ्यात यशस्वी होत्याच. पण डनीडिनमधल्या एखाद्या बाईच्या जागी बसून पाहा. दहा वर्षं जिला हरवण्यासाठी तुम्ही घसा कोरडा केलात, तीच आता तुमच्या संघाच्या बाकावर बसून सूचना देतेय, आणि तुम्ही टाळ्या वाजवायच्या आहेत.

इथे तत्त्वज्ञानाची पुस्तकं लगेच थीसिअसचं जहाज बाहेर काढतात. प्लूटार्कने लिहिलेली ती गोष्ट : अथेन्सच्या लोकांनी थीसिअसचं जहाज जपून ठेवलं, एकेक फळी कुजली की तिथे नवी बसवली, मग सगळ्या फळ्या बदलल्यावर ते जहाज तेच का? आपल्याकडे मिलिंद राजा आणि नागसेन यांचा संवाद आहे. रथ म्हणजे चाक का, आस का, जू का, असं विचारत नागसेन राजाला तिथवर आणतो की 'रथ' हे या सगळ्यांच्या मिळून असण्याला दिलेलं नुसतं नाव आहे.

साध्या संघाला हे दोन्ही दृष्टांत छान लागू पडतात. मुंबई इंडियन्समध्ये २००८चा कुणीही आज खेळत नाही, तरी संघ तोच आहे म्हणायला कुणाची हरकत नसते. फळ्या हळूहळू बदलतात आणि आपल्याला तेवढी सवय असते.

विलीनीकरणाला मात्र हा दृष्टांत पुरत नाही. तिथे दोन जहाजं किनाऱ्यावर ओढली जातात, दोन्हींतल्या चांगल्या फळ्या काढून तिसरं जहाज बांधलं जातं आणि ते समुद्रात जातं. तत्त्वज्ञ त्या तिसऱ्या जहाजाकडे बघून विचारत बसतो की हे पहिलं का दुसरं. मला तो प्रश्न खरं तर दुय्यम वाटतो. वाळूवर ज्या फळ्या उरल्या, त्यांचं काय?

हिशोब सोपा आहे. सोळा संघ, प्रत्येकी सात जणी कोर्टवर, म्हणजे एकशे बारा बिब. दहा संघांचे झाले सत्तर. बेचाळीस जागा गेल्या. राखीव खेळाडू यात धरलेल्याच नाहीत. २००७च्या हिवाळ्यात ज्या आपापल्या देशातल्या सगळ्यात वरच्या पातळीवर खेळत होत्या, त्यांच्यातल्या कितीतरी जणी पुढच्या वर्षी कोर्टबाहेर होत्या. त्यांची जागा कोणी चांगलं खेळून हिसकावली असती तर तक्रार नव्हती, खेळात ते चालायचंच. इथे जागाच उरली नव्हती. रेबेल्सची 'सी' आणि स्टिंगची 'सी' दोघी उत्तम, पण स्टीलला 'सी' एकच लागते.

मला दुसरी बाजू दिसत नाही असं नाही. आणि ती दुबळीही नाही. आधीच्या लीगमध्ये खेळणाऱ्या बहुतेक जणी दिवसा नोकरी करून संध्याकाळी सराव करत. नव्या लीगने हा खेळ अर्धव्यावसायिक केला, बऱ्यापैकी मानधन आलं, दोन्ही देशांत सामने टीव्हीवर दिसू लागले, दर आठवड्याला जगातल्या सर्वोत्तम खेळाडू एकमेकींसमोर आल्या. बाईच्या खेळाला कुणी पैसे देत नाही ही रड जगभर आहे. इथे कुणीतरी देत होतं. सोळा संघांत ते पातळ होऊन गेले असते. दहा संघांत निदान काहींचं घर चालायला हातभार लागला. एकूण बेरीज केली तर हा निर्णय बरोबर ठरेल असंच मला वाटतं.

पण बेरीज करणाऱ्याच्या खिशातून काही जात नव्हतं. ज्यांच्या खिशातून गेलं त्यांना 'आपण सगळे एकत्र येतोय' हे वाक्य ऐकवण्यात आलं. मला खटकतं ते हे. 'तुमच्या जागेच्या किमतीवर आम्ही हा खेळ मोठा करतोय, आम्ही तुमचं देणं लागतो' असं म्हटलं असतं तर निर्णय तोच राहिला असता, बेचाळीस जागा तशाच गेल्या असत्या, पण देणं निदान वहीत लिहिलं गेलं असतं. एकत्र येण्यात कुणीच कुणाचं देणं लागत नाही. हा शब्द इतका लाडका का आहे, ते यातून कळतं.

शिवाय सगळी विलीनीकरणं एका जातीची नसतात. सिडनी स्विफ्ट्स आणि न्यूकासलचा हंटर जेगर्स यांचा मिळून जो संघ झाला त्याचं नाव ठेवलं न्यू साउथ वेल्स स्विफ्ट्स. प्रशिक्षक जुन्या स्विफ्ट्सच्याच ज्युली फिट्झजेरल्ड. हे आंब्याच्या कलमासारखं झालं. खुंट रायवळचा, फांदी हापूसची. मुळं पाणी ओढतात, झाड उभं ठेवतात, आणि पेटीवर नाव हापूसचं. पहिल्याच हंगामात या स्विफ्ट्सनी अंतिम सामना ६५–५६ असा जिंकला, वायकाटो बे ऑफ प्लेंटी मॅजिकविरुद्ध. त्या रात्री जेगर्सच्या माणसाने काय साजरं करायचं होतं?

मेलबर्नमध्ये उलट केलं. फीनिक्सने पाच वेळा देश जिंकला होता, केस्ट्रेल्सने एकदाही नाही. तरी दोन्ही नावं पुसून व्हिक्सन्स हे तिसरंच नाव घेतलं. म्हणजे विजेत्यालाही आपलं नाव सोडावं लागलं. दक्षिणेतही हेच झालं, सात चषकांचं स्टिंग हे नाव गेलं. मला ही पद्धत जास्त सरळ वाटते. दोघांचं काहीतरी जातं आणि ते सगळ्यांना दिसतं. स्टीलने आणखी एक गोष्ट केली, घरचे सामने इन्व्हरकार्गिल आणि डनीडिन या दोन शहरांत वाटून घेतले. भाषणापेक्षा मला याचं मोल जास्त वाटतं, कारण यात कुणाला तरी स्वतःच्या गावचा सामना दुसऱ्याला द्यावा लागतो, दोनशे किलोमीटर गाडी चालवावी लागते.

आता निष्ठेकडे. १ एप्रिल २०१९ला देना बँक आणि विजया बँक या दोन्ही बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. तुमच्या घरात कुणाचं देना बँकेत खातं असेल तर आठवेल, आयएफएससी कोड बदलला, पासबुक बदललं, थोडी डोकेदुखी झाली. पण खात्यातले दहा हजार दहा हजारच राहिले. पैशाचं हे बरं असतं, तो कुठल्या तिजोरीतून कुठल्या तिजोरीत गेला याने त्याला फरक पडत नाही. क्रीडासंघ विलीन करणारे लोक प्रेक्षकांकडे असेच बघतात : रेबेल्सच्या खात्यात इतके चाहते, स्टिंगच्या खात्यात इतके, बेरीज करून स्टीलच्या खात्यात जमा.

प्रेम असं जमा होत नाही. आपण संघावर प्रेम करतो ते त्याच्या गुणांमुळे असतं, तर स्टील दोघांपेक्षाही चांगला संघ होता, प्रेम आपोआप वाढायला हवं होतं. पण शेजारचा मुलगा बोर्डात पहिला आला म्हणून कुणी आपला बदलून घेत नाही. गुण पाहून आपण फार तर जवळ जातो. एकदा जवळ गेल्यावर मात्र तो अमुकच संघ हवा असतो, त्याच्या सगळ्या पराभवांसकट. म्हणून डनीडिनमधली जी बाई २००८ला स्टीलच्या सामन्याला गेलीच नाही, तिला कोत्या मनाची म्हणायला मी तयार नाही. तिच्याकडून जे मागितलं जात होतं ते मागायचा कुणालाच हक्क नव्हता. ती गेली असती तर तो तिचा मोठेपणा, नाही गेली तर ती काही चुकली नाही.

आणि ज्या गेल्या, त्यांचं काय झालं असेल? मला वाटतं गोडी लागायला एखादा हरलेला सामना लागतो. नव्या संघासोबत आपण पहिल्यांदा हरतो तेव्हा ती हार ना रेबेल्सची असते ना स्टिंगची. तिला जुना मालक नसतो. पहिल्या हंगामाची गंमत आणि अवघडपणा दोन्ही तिथेच आहे. पाचव्या हंगामापर्यंत शाळेतल्या मुलींना रेबेल्स कोण हे सांगावं लागतं आणि प्रश्नच मावळतो. तो सुटला म्हणून नाही, विचारणाऱ्या पांगल्या म्हणून. रॉबिन ब्रॉटन स्वतः २०१२पासून वेलिंग्टनकडच्या सेंट्रल पल्सच्या प्रशिक्षक झाल्या, म्हणजे स्टीलच्या विरुद्ध बाकावर. पल्सही २००८लाच दोन संघ जोडून झालेला.

ज्या लीगसाठी हे सगळं केलं ती नऊ हंगाम चालली. २०१६नंतर दोन्ही देश वेगळे झाले आणि २०१७पासून आपापली लीग खेळू लागले. जोडलेले संघ मात्र जोडलेलेच राहिले. त्यांना परत सुटं करा असं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. स्टीलने न्यूझीलंडच्या नव्या लीगचा पहिलाच हंगाम एकही सामना न हरता जिंकला आणि पुढच्या वर्षी पुन्हा चषक घेतला. ऑस्ट्रेलियाने आपले संघ पाचांवरून आठ केले. न्यू साउथ वेल्समध्ये पुन्हा दुसरा संघ आला, जायंट्स. मेलबर्नमध्येही दुसरा संघ आला, कॉलिंगवूड मॅगपाइज. नऊ वर्षांपूर्वी जी जागा परवडत नाही म्हणून मिटवली होती, ती पुन्हा उघडली. २००७ला बाविशीत असलेली खेळाडू तेव्हा बत्तीस वर्षांची होती.

मॅगपाइजही २०२३च्या हंगामानंतर लीगमधून गेला. २०२४ला त्याच्या जागी मेलबर्न मॅव्हरिक्स हा संघ उभा राहिला, नवं नाव, नवे रंग, आणि छातीवर तीच सात बिब.