हिवाळ्यापूर्वी

शास्त्रपाठ : 2 तीमथ्य 4:13, 21, अनुवाद 22:8



बंदिवासातून पौल तीमथ्याला दोन साध्या गोष्टी कळवतो : त्रोवसास राहिलेला झगा घेऊन ये, आणि हिवाळा लागण्याआधी निघ. ज्याचा भरवसा सर्वस्वी प्रभूवर होता, त्या प्रेषितालाही थंडीची तजवीज करणे कमीपणाचे वाटले नाही.

आपल्यापैकी ग्वाल्हेरकडे राहणाऱ्यांना डिसेंबर-जानेवारीचे धुके ठाऊक आहे. नेमक्या त्याच दिवसांत नाताळच्या उपासनेसाठी व लग्नकार्यांसाठी आपण रात्री-पहाटे गाडी काढतो. निघताना आपण प्रार्थना करतो, ती करावीच. पण गाडीची काळजी घेणे हे काम देवाने आपल्या हाती सोपवले आहे.

थंडीत बॅटरीचा जोर घटतो आणि इंजिनातले तेल घट्ट होते. म्हणून जुनी बॅटरी आधीच तपासून घ्यावी. तापमान 10 अंशांनी उतरले की टायरमधील हवेचा दाब सुमारे 2 पौंडांनी कमी होतो. तो गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावा. वायपरचे रबर पाहावे. काचेवर आतून वाफ धरली तर हीटरबरोबर एसी लावावा, म्हणजे हवेतील ओल निघून जाते. धुक्यात दिवे डिपरवर ठेवावेत. वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. बंद गॅरेजात इंजिन सुरू ठेवू नये, कारण धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हिमाचलासारख्या बर्फाच्या प्रदेशात जायचे असेल, तर रेडिएटरमध्ये नुसते पाणी नको. योग्य कूलंट भरावे.

आता गाडीच्या मागच्या दिव्याचा विचार करू. चालवताना तो आपल्याला दिसत नाही. तो मागून येणाऱ्यासाठी आहे. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, अशी आज्ञा नियमशास्त्रात आहे. कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. मालकाला आपल्या गच्चीची कड ठाऊक असते, पाहुण्याला नसते. मग धुळीने माखलेला किंवा बंद पडलेला मागचा दिवा म्हणजे कठड्यावाचूनची गच्चीच नव्हे काय? शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा रस्त्यावरही लागू आहे, आणि तेथील शेजाऱ्याचे तोंडही आपण पाहिलेले नसते.

संडे स्कूलच्या शिक्षकांनी मुलांना एक काम द्यावे : शनिवारी घरच्या गाडीचे सर्व दिवे पुसावेत आणि मागचे दिवे लागतात की नाही ते उभे राहून पाहावे. मंडळीच्या वडिलांनी धुक्याच्या दिवसांत उपासना तासभर उशिरा ठेवण्याचा विचार करावा. आणि “आज धुके फार आहे, उद्या निघू,” असे कोणी म्हटले, तर त्याला अल्पविश्वासी म्हणू नये. थांबणे हीदेखील तयारीच आहे.

प्रभू आपले जाणे-येणे राखो, आणि आपल्यामुळे दुसऱ्याचेही सुखरूप होवो. आमेन.