सटवीचा कोरा कागद

बाळ रडल्याचा आवाज आला की बाहेर बाकावर बसलेल्यांचा जीव भांड्यात पडतो. कोणी पेढे आणायला उठतो, कोणी गावी फोन लावतो. आत बाळंतपण अजून संपलेलं नसतं. सिस्टरचा एक हात बाईच्या पोटावर असतो, नजर घड्याळाकडे असते आणि मनात प्रश्न एकच: वार पडली का?

वार म्हणजे नाळेच्या दुसऱ्या टोकाची वीतभर रुंद, साधारण अर्धा किलो वजनाची चकती. नऊ महिने बाळाचं खाणंपिणं आणि श्वास तिच्यातूनच चाललेला असतो. बाळामागोमाग ती सुटून येते, गर्भाशय आकसतं आणि उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. पण कधी कधी ती सुटतच नाही. आधीच्या सीझरच्या वणावर ती मुळासारखी रुतून बसलेली असते. दिवस भरताना गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जातं आणि बाईच्या अंगात रक्त असतं सगळं मिळून पाचेक लिटर. त्यामुळे हातात वेळ असतो तो मिनिटांचाच. कित्येकदा जीव वाचवायला गर्भाशयच काढून टाकावं लागतं.

मग बाकावर कोणीतरी म्हणतं, "सटवीने लिहिलं होतं, तसं झालं."

पनवेलच्या जुन्या गावठाणात काय किंवा खारघर-कामोठ्याच्या टॉवरमध्ये काय, अनेक घरांत आजही पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडतात, हळदकुंकू वाहतात, दिवा रात्रभर तेवत ठेवतात. शेजारी एक कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, अशी श्रद्धा. या रीतीत शहाणपण आहे. बाळ-बाळंतिणीला सगळ्यात मोठा धोका पहिल्या आठवड्यात असतो, आणि त्या दिवसांत घर जागं ठेवणारी ही पूजा बायकांनीच सांभाळली आहे. प्रश्न पूजेचा नाही. जे आधी कोणाला दिसलं नाही, ते लिहिलेलंच होतं असं म्हणता येईल का, हा प्रश्न आहे.

आपल्या परंपरेने हा प्रश्न टाळलेला नाही. आयुर्वेदात वारेला 'अपरा' म्हणतात. ती पडली नाही तर बाळंतिणीला काय उपाय करावेत, हे चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितलं आहे. त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात शिष्य अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो, माणसाचं आयुष्य ठरलेलं असतं का? आत्रेय सांगतात की ते दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून असतं. पूर्वजन्मी केलेलं ते दैव आणि या जन्मी केलेलं तो पुरुषकार. दोघांतलं बलवान असेल ते दुबळ्यावर मात करतं. सगळ्यांचं आयुष्य आधीच ठरलेलं असतं, तर औषध कोणी घेतलं नसतं आणि उधळलेल्या हत्तीच्या वाटेतून कोणी बाजूलाही झालं नसतं, असा त्यांचा युक्तिवाद आहे. बुद्धानेही सीवक नावाच्या परिव्राजकाला हेच वेगळ्या अंगाने सांगितलं. वेदनेची आठ कारणं त्याने मोजली: पित्त, कफ, वात, तिन्हींचा मेळ, ऋतूतला बदल, नीट काळजी न घेणं, अचानक झालेला आघात आणि कर्माचं फळ. आठांतलं कर्म हे एकच.

कर्माचा दाखला पुढे केला की त्याचा भार येतो तो बाळंतिणीवर. रक्ताच्या बाटल्या चढत असतानाच चौकशी सुरू होते. ग्रहणात बाहेर पडली होतीस का? जड उचललं होतंस का? खरं कारण तिच्या वागण्यात नसतंच. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असेल आणि आधी एक सीझर झालेलं असेल, तर शंभरातल्या 11 जणींमध्ये ती रुतलेली निघते. आधी दोन सीझर झाली असतील, तर 40 जणींमध्ये. हे आकडे 2006 सालच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातले आहेत.

तरीही सगळं आधी दिसतंच असं नाही. 2010-11 मध्ये ब्रिटनभर झालेल्या पाहणीत वार रुतलेल्या सुमारे निम्म्या बायकांच्या बाबतीत प्रसूतीआधी तशी शंकाही आली नव्हती. तिथे सोनोग्राफीची कमतरता नव्हती. म्हणजे उत्तम दवाखान्यातही न कळण्याची एक जागा उरतेच. त्या जागेला कोणी दैव म्हटलं तर भांडायचं कारण नाही. पण सोनोग्राफी झालीच नाही, रक्तपेढी लांब होती, गाडी उशिरा आली, अशा गोष्टींना तेच नाव देणं हा बाईवर अन्याय आहे. पनवेलला 2016 साली महानगरपालिका झाली. त्याच तालुक्यात प्रबळमाचीसारख्या वाडीवर आजही पायवाटेने चढून जावं लागतं. वाडीवरची बाई आणि टॉवरमधली बाई यांच्या कपाळी काय लिहिलं आहे हे कोणाला ठाऊक नाही, पण दोघींपासून रक्ताची बाटली किती लांब आहे हे मोजता येतं.

महाराष्ट्रात 2014-16 मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे 61 माता दगावत होत्या. 2018-20 मध्ये हा आकडा 33 वर आला. चार वर्षांत बायकांची पूर्वकर्मं निम्म्याने हलकी झाली, असं कोणीच म्हणणार नाही. सुया, रक्त, तपासण्या आणि माणसं वेळेवर पोचली, म्हणून एवढ्या जणी घरी परतल्या.

पनवेलपासून तासा-दीड तासावरच्या कल्याणला 1865 साली आनंदीबाई जोशी जन्मल्या. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं. नशीब म्हणून गप्प बसायला त्या काळी सगळ्यांची संमती होती. पण त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या आणि 1886 साली एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. देवाधर्मावरची श्रद्धा त्यांनी सोडली नाही, आणि त्या श्रद्धेच्या आड त्यांनी आपलं दुःख झाकूनही ठेवलं नाही.

वार पडली की सिस्टर ती ट्रेमध्ये पसरते. आईकडची बाजू वर करून, हातमोजा घातलेल्या बोटांनी तिचे पंधरा-वीस खंड एकमेकांना लावून बघते. मध्ये कुठे खाच राहिली नाही ना, पडद्याच्या कडेला तुटकी रक्तवाहिनी नाही ना? एक तुकडा आत राहिला तरी रक्त थांबत नाही. मग ती केसपेपरवर लिहिते: वार पूर्ण. किंवा लिहिते: वार रुतलेली, हाताने काढली, इतक्या बाटल्या रक्त दिलं.

या दुसऱ्या ओळीवर बाईचं पुढचं बाळंतपण अवलंबून असतं. पुढच्या खेपेला दवाखाना वेगळा असेल, डॉक्टर वेगळे असतील, आणि मागच्या वेळी काय झालं हे त्यांना त्या कागदावरूनच कळेल. घर बदलताना, पावसात घरात पाणी शिरलं की असे कागद हमखास हरवतात. पाचवीच्या रात्री पाट्याजवळ कोरा कागद मांडताना डिस्चार्ज कार्डही तिथेच ठेवावं, आणि सकाळी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात, रेशनकार्डाशेजारी, बाळंतिणीच्या हाताला लागेल असं.